नाचवायचं की सोबत नाचायचं? गावातल्या डाऊन सिंड्रोमच्या लेकरांबद्दल

जि. प. शाळेतली शिक्षिका, यवतमाळ जिल्हा
आमच्या गावात डाऊन सिंड्रोम (जन्मतःच असणारी, शिकणं-बोलणं संथ करणारी अवस्था) असलेली एक मुलगी आहे, सोळा-सतरा वर्षांची. मागच्या गॅदरिंगला तिला एकटीला स्टेजवर उभं केलं आणि सिनेमाचं गाणं लावलं. टाळ्या पडल्या, मोबाईल वर झाले. गाणं संपल्यावर "किती गोड लेकरू" म्हणत तिच्या हाती चॉकलेट दिलं. बाकीच्या पोरींचा नंबर लागला, हिचं नाव स्पर्धेत लिहिलेलंच नव्हतं. हे मला फार लागलं.

तीच मुलगी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईच्या फेरात टिपऱ्या घेऊन असते. तिथं तिच्याकडे कोणी बघत बसत नाही, सगळ्याच नाचत असतात. समोरची वळली की ही वळते, अर्धा ठेका मागून. चार-पाच कडव्यांत तो अर्धा ठेकाही भरून निघतो. एकदा तिनं मधेच टिपरी खांद्याला टेकवली, बाकीच्यांनी ती लकब उचलली. आता ते गाणं आमच्याकडे तसंच होतं.

या मुलांना तोंडी सूचना लक्षात ठेवणं जड जातं, पण पाहून ती चांगलं शिकतात. भुलाबाई काय, लेझीम काय, पाहूनच तर येतं. त्यामुळं माझं स्पष्ट मत आहे, त्यांना वेगळा 'आयटम' देऊ नका, फेरात जागा द्या.

गॅदरिंग समितीतला एक जण, त्याच गावचा
मॅडम, हे एकतर्फी झालं. त्या दिवशी तिचे वडील पहिल्यांदा पुढच्या खुर्चीत बसले होते, ते तुम्ही लिहिलं नाही. एरवी लग्नकार्यातही ते मुलीला घरी ठेवून येत. स्टेजनं त्यांची भीड चेपली. तुम्ही स्टेजच काढून घ्याल, तर लेकरू पुन्हा घरात कोंडलं जाईल. चॉकलेटचं चुकलं असेल, स्टेजचं नाही.

शेतकरी, वाशीम जिल्हा
नाचाचं मंग पाहू ना ताई. माहा पोरगा नऊ वर्साचा हाय, दोन-चार शब्द बोलते. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटासाठी जिल्ह्याले जा लागते, एक दिवसाची मजुरी जाते, अन् तिथं डॉक्टर नसला का परत या लागते. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व धरलं म्हणते, पण गावात बोलणं शिकवणारं कोण हाय? नाचून पोट भरत नाही. पयले उपचार द्या, मंग फेर धरा.

फिजिओथेरपिस्ट, अमरावती
भाऊंचा मुद्दा खरा आहे, पण उपचार संपल्यावर नाच असा क्रम मला पटत नाही. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते म्हणून डाऊन सिंड्रोम होतो. त्यात स्नायू ढिले आणि सांधे सैल असतात, तोल सावरायला वेळ लागतो. एका पायावर भार घेणं, वळणं, थांबणं हेच आम्ही त्यांच्याकडून करून घेतो, आणि फेरात तेच होतं. खोलीत दहा वेळा सांगून न उचललेला पाय मैत्रिणीसोबत सहज उचलला जातो.

मात्र शिक्षिकाताईंनी एक बाजू सोडली. अशा बाळांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतःच हृदयाचा काही दोष असतो. इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली नसेल तर आधी ती करा. काहींच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात, म्हणून कोलांटउड्या, पिरॅमिड, डोक्यावर भार येईल असं काही नको. मान दुखते म्हटलं, चाल बदलली, हातातली ताकद कमी वाटली, तर नाच थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि लेकरू सुस्त दिसलं की "आळशी आहे" म्हणू नका, थायरॉइड तपासा. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवलं तर पुढं जिल्हा रुग्णालयात पाठवतात.

शेतकरी, वाशीम जिल्हा
इको झाली हाय. मानीचं कोनी सांगतलं नव्हतं. पन मी अजूनबी म्हन्तो, आठवड्याले एक बाई गावात आली पायजे शिकवाले.

गॅदरिंग समितीतला एक जण
एक विचारतो. स्टेज नको, फेर हवा, हे आपण मोठी माणसंच ठरवतोय. त्या मुलीला कोणी विचारलं का?

शिक्षिका
आज विचारलं. तिला स्टेजही पाहिजे आणि सोबत तीन मैत्रिणीही पाहिजेत, नावं सांगितली तिनं. भुलाबाईचं गाणं चालेल का म्हटलं, तर नाही म्हणाली, सिनेमाचंच पाहिजे. मग तसंच करू. चौघींची नावं स्पर्धेच्या यादीत घ्या. एकटीला उभं करण्याला माझा विरोध मात्र कायम आहे.

एक आई, गडचिरोली जिल्हा
तुमच्याकडं ती मुलगी आहे, मुलगा नाही, म्हणून इतकं तरी जमतं. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. लहान होता तोवर सगळे त्याला हात धरून नाचवायचे. आता मिशी आली, तो फेरात शिरला की बाया पोरींना बाजूला घेतात. त्यानं आजवर कुणाला त्रास दिलेला नाही. वरातीत दारू प्यालेले जवळ ओढून नाचवतात आणि हसतात, म्हणून मी वरातीत पाठवणं बंद केलं. त्याला डीजेचा आवाजही सोसत नाही, कान दाबून खाली बसतो.

सध्या तो भजन मंडळात जातो. तिथल्या काकांनी त्याच्या हाती खंजिरी दिली, पावली खेळताना मधल्या रांगेत घेतात आणि ठेका जरा संथ ठेवतात. पण ते आठवड्यातून एकदाच, आणि सगळे माणसं साठीच्या पुढचे. त्याच्या वयाच्या पोरांसोबत त्याला नाचायचं आहे, आणि ती पोरं त्याला बोलावत नाहीत. मोठ्या मुलांसाठी तुमच्या गावात काही केलं असेल, तर काय आणि कसं केलं ते इथं लिहा.