मदत हवी आहे: मार्क-एक्सएमएलमधली पुस्तकं एक्सेलच्या रकान्यांना कशी जोडायची?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमची साडेसहा हजार शीर्षकं कोहावर (वाचनालयाच्या सॉफ्टवेअरवर) आहेत. दिवाळीनंतर ग्रंथपडताळणी करायची आहे. दोन कार्यकर्ते कपाटापुढे उभे राहून दाखल क्रमांक वाचणार आणि मी एक्सेलमध्ये खूण करणार. त्यासाठी सगळ्या नोंदी मार्क-एक्सएमएलमध्ये (ग्रंथनोंदींच्या ठरलेल्या फाइलप्रकारात) काढून घेतल्या. मधल्या काळात नवी पुस्तकं दाखल झाली की रिफ्रेश करून यादी ताजी व्हावी, म्हणून नुसती कॉपी-पेस्ट नको आहे, फाइल आणि रकाने जोडलेले हवेत.

डेव्हलपर टॅब सुरू करून 'सोर्स'मधून फाइल मॅप (फाइलमधला कुठला भाग कुठल्या रकान्यात जाईल याचा नकाशा) म्हणून जोडली. स्कीमा (फाइलच्या रचनेचा आराखडा) नाही, मजकुरावरून तयार करतो, असा निरोप आला, त्याला हो म्हटलं. उजवीकडे फाइलमधल्या घटकांचं झाड दिसलं, पण त्यात शीर्षक, लेखक असं काहीच नाही. रेकॉर्ड, त्यात डेटाफील्ड, त्यात सबफील्ड, संपलं. सबफील्ड ओढून रकान्यात टाकलं तर शीर्षक, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत सगळं एकाखाली एक उतरलं. शेजारी टॅग (माहितीच्या प्रकाराचा आकडा) आणि कोड (त्यातल्या भागाचं अक्षर) ओढल्यावर उलगडा झाला: १०० ए म्हणजे लेखक, २४५ ए शीर्षक, ९५२ पी बारकोड (आमच्याकडे तोच दाखल क्रमांक). पण एका पुस्तकाच्या वीस-बावीस ओळी होतात! त्या घेऊन कपाटापुढे कसं उभं राहायचं?

मग पॉवर क्वेरीत (एक्सेलमधल्या माहिती आणून मांडणी बदलणाऱ्या साधनात) टॅग आणि कोड जोडून पिव्हट केलं, म्हणजे ओळींचे रकाने केले. एकच प्रत असलेली पुस्तकं सुरेख आली, पण जिथे दोन प्रती किंवा दोन विषय आहेत तिथे एरर. आणि नेमकी आमची मागणीची पुस्तकं दोन-तीन प्रतींची आहेत.

शिवाय ०४५१ चा ४५१ झाला, आयएसबीएन ९.७८ई+१२ असा दिसतो, आणि प्रत्येक शीर्षकाच्या शेवटी तिरकी रेघ आहे. आधीच्या ग्रंथपालांनी हाताने केलेल्या नोंदी आहेत, त्यांचं काम वाया जाऊ द्यायचं नाही. कुणी वाट दाखवेल का?

प्रतिसाद १ (रकाना)

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. एक्सेलचा मॅप घटकाच्या नावावर बांधला जातो, त्याच्या गुणधर्मात काय लिहिलंय यावर नाही. मार्कमध्ये सगळा अर्थ टॅगच्या आकड्यात असतो आणि घटकाचं नाव मात्र सगळ्यांचं एकच. त्यामुळे कितीही ओढाओढ केली तरी २४५ आणि १०० वेगळ्या रकान्यांत जाणार नाहीत.

फाइल आधी सपाट (साध्या ओळी-रकान्यांची) करून घ्या. एक्सएसएलटीची (एक्सएमएलचं रूप बदलणाऱ्या सूचनांची) पंचवीस-तीस ओळींची फाइल पुरते. पण ओळ कशाची, हे आधी ठरवा. तुमची ओळ पुस्तकाची नाही, दाखल क्रमांकाची आहे. म्हणून प्रत्येक रेकॉर्डवर नव्हे, प्रत्येक ९५२ वर फिरा आणि शीर्षक-लेखक त्याच्या पालक नोंदीतून उचला. तीन प्रती असतील तर तीन ओळी, शीर्षक तिन्हींत तेच. विषय अनेक असतील तर एकाच कप्प्यात स्वल्पविरामाने जोडा. पिव्हटचं भांडण इथेच मिटतं.

एक खाचखळगा: मार्क-एक्सएमएलला स्वतःची नेमस्पेस (घटकांची नावं कुठल्या संचातली हे सांगणारी ओळख) असते. ती उपसर्गासह जाहीर केली नाहीत तर एकही ओळ न पकडता रिकामी फाइल येते, आणि चूक झाली असं कुठेही सांगितलं जात नाही. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

प्रतिसाद २ (जुनी नोंदवही)

शून्याचं उत्तर स्कीमात आहे. नमुन्यात फक्त आकडे दिसले की एक्सेल तो रकाना संख्येचा मानतो. छोटी एक्सएसडी फाइल (म्हणजे स्कीमाच) लिहा, दाखल क्रमांक आणि आयएसबीएन दोन्ही स्ट्रिंग (मजकूर) म्हणून सांगा आणि मॅप त्या फाइलवरून जोडा. आधीचा मॅप काढून टाकून नव्याने जोडावा लागेल.

तिरकी रेघ ही चूक नाही, सूचीकरणाची जुनी रीत आहे. रेघेपुढे २४५ सी, म्हणजे लेखकाचा उल्लेख येतो. कोहात तिला हात लावू नका, सपाट करताना फक्त यादीतून काढा.

आणि कृपा करून खुणा त्याच तक्त्याच्या शेजारी करू नका! रिफ्रेश झालं की ओळी नव्या क्रमाने येतात आणि खुणा जागच्या जागी राहतात. सापडलेलं पुस्तक हरवलेलं ठरेल. खुणांचं पान वेगळं, त्यात दाखल क्रमांक आणि शेरा, आणि मुख्य पानावर एक्सलूकअपने (क्रमांक जुळवून माहिती आणणाऱ्या सूत्राने) शेरा आणा.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भाचीने एक्सएसएलटी लिहून दिली, नेमस्पेसची सूचना नसती तर आम्हीही अडकलो असतो. साडेसहा हजार शीर्षकांच्या आता प्रतीनिहाय ६,९१२ ओळी आल्या आहेत. ०४५१ तसाच राहिला. खुणांच्या पानावर मी टाइप केलेले क्रमांक संख्या होत होते म्हणून लूकअप जुळेना, तो रकाना आधी टेक्स्ट केल्यावर जुळला.

एक गोष्ट मात्र खटकते. कोहातल्या १४ नोंदी यादीत कुठेच नाहीत. उघडून पाहिल्या तर त्यांना ९५२ च नाही. पुस्तक नोंदलंय, प्रत जोडलेली नाही. यातली दोन तर काल माझ्या टेबलावर परत आली!

प्रतिसाद १ (रकाना)

ताई, प्रतीवर फिरल्यामुळे प्रत नसलेली नोंद गळणारच. त्याच फाइलवर दुसरी एक्सएसएलटी चालवून ९५२ नसलेल्या नोंदी वेगळ्या पानावर काढा. त्या १४ पुस्तकांचे दाखल क्रमांक हाती लिहिलेल्या वहीत शोधा, कोहात प्रती जोडा, मग नव्याने फाइल काढून सपाट करा. नाव आणि जागा तीच ठेवलीत तर रिफ्रेशला ती आपोआप सापडेल.