प्रार्थनेचं उत्तर येईना, तोवर 'छोटे चमत्कार' मोजायचे म्हणजे नक्की काय करायचं?

वाटेवरची
प्रेज द लॉर्ड सगळ्यांना. विचारू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. माझ्या धाकट्या भावाची दारू सुटावी म्हणून आमचं अख्खं घर कित्येक वर्षं प्रार्थना करतंय. आई उपास करते, मंडळीच्या (चर्चच्या) प्रार्थनेच्या यादीत त्याचं नाव कायमचंच आहे, मधे एकदा सुटली असं वाटलं, आईने उपासनेत उभं राहून साक्षही दिली, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, आणि नंतर परत चालू झाली. तेव्हापासून साक्षीची वेळ आली की आई खाली बघत बसते.

तर महिलांच्या फेलोशिपमध्ये एका ताईंनी सुचवलं की मोठ्या उत्तराची वाट बघताना रोजचे छोटे चमत्कार वहीत लिहीत जा, मन खचत नाही. घेतलं लिहायला. सिग्नल हिरवा मिळाला, हरवलेली किल्ली सापडली, पाऊस यायच्या आत वाळत घातलेले कपडे काढून झाले. आता ती वही उघडली की नुसती चिडचिड होते. मी देवाकडे भाऊ मागतेय आणि तो माझ्या हातावर चिल्लर ठेवतोय असं वाटतं. हा कृतघ्नपणा आहे का? की ही वहीच स्वतःची समजूत घालायचा प्रकार आहे? उपदेश नको प्लीज, ज्यांनी खरंच वाट बघितलीय त्यांनी सांगा.

जुना_करारवाला
कृतघ्नपणा कसला, ताई. स्तोत्र १३ काढा, पहिल्या दोनच वचनांत चार वेळा विचारलंय, अजून किती वेळ म्हणून. हबक्कूकच्या पुस्तकाची सुरुवातच या तक्रारीने होते, मी ओरडतोय आणि तू ऐकत नाहीस. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी 'तरी मी तुझी स्तुती करीन' वगैरे काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही.

मला यात मूल व्हावं म्हणून रडणारी हन्ना, पुढे शमुवेलची आई झालेली, फार जवळची वाटते. १ शमुवेल १ वाचा. मंदिरात ती इतकी आतून रडत होती, नुसते ओठ हलत होते, की एली याजकाला वाटलं बाई पिऊन आलीय (याजकांची पण कमाल असते कधीकधी). मग १८ व्या वचनात काय आहे बघा, ती परत गेली, जेवली आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. शमुवेल अजून पोटात पण नव्हता! मागितलेलं काहीच हातात नाही आणि तिला जेवण गेलं, मला वाटतं छोटा चमत्कार म्हणायचा तर याला म्हणावं. पण त्याआधी तिने मनसोक्त रडून घेतलं होतं हे विसरू नका. तुमच्या वहीत रडायला पानच ठेवलेलं दिसत नाही.

स्पष्टच_बोलतो
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. सिग्नल हिरवा मिळणं हा चमत्कार नाही. तुम्हाला हिरवा मिळाला तेव्हा आडव्या रस्त्यावरच्याला लाल मिळाला, मग देवाचं त्याच्यावर प्रेम कमी का? असल्या हिशोबात आज सोय झाली तर देव जवळ आणि उद्या किल्ली नाही सापडली तर देव लांब असं होत जातं, आणि तुमची चिडचिड त्यातूनच येतेय असं मला वाटतं.

संत ऑगस्तीन, जुन्या काळातला मोठा ख्रिस्ती बिशप, त्याने योहानाच्या शुभवर्तमानावर प्रवचनं दिली होती, त्यात येशूच्या पाच भाकरींच्या चमत्काराबद्दल तो जे म्हणतो ते मला पटतं. त्याचं म्हणणं साधारण असं, की पाच भाकरींत पाच हजार जेवले याचं लोकांना नवल वाटतं पण मूठभर दाण्यांतून शेतंच्या शेतं उभी राहतात त्याचं कुणालाच नवल नाही, कारण ते रोजचं झालंय, काम मात्र दोन्हीकडे देवाचंच. म्हणजे बघायचंच असेल तर माझ्या एकटीसाठी आज काय खास केलं हे बघू नका, सगळ्यांना जे मिळतं आणि आपण ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही ते बघा. झोप लागणं, श्वास, सकाळ होणं. आणि ते भावाच्या बदल्यात दिलेलं नाहीये. भाऊ मागायचा तो मागतच राहा, लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाच्या मागे लागली होती तशी.

तीच_आई
माझा मुलगा दारू पीत नाही, पण घर आणि देव दोन्ही सोडून गेलाय, म्हणून लिहिते. ऑगस्तीनचा विषय निघालाच आहे तर त्याच्या आईचं, मोनिकाचं पण सांगायला हवं. हा मुलगा रोमला जाऊ नये म्हणून ती रडून रडून प्रार्थना करत होती. त्याने काय केलं, मित्राला निरोप देऊन येतो अशी थाप मारली, ती जवळच्या प्रार्थनास्थळात रात्रभर बसली आणि हा तेवढ्यात जहाजाने निघून गेला. सकाळी उठून किनाऱ्यावर बघते तर मुलगा नाही. तिच्या लेखी त्या रात्री देवाने तोंडावर नाही म्हटलं. आणि तोच मुलगा पुढे इटलीत, मिलानला तिथल्या बिशप अँब्रोजची प्रवचनं ऐकायला लागला आणि ३८७ च्या ईस्टरला त्याच्याच हातून बाप्तिस्मा घेतला. ऑगस्तीनने स्वतः लिहून ठेवलंय की देवाने तिचं त्या दिवशीचं मागणं ऐकलं नाही ते तिचं नेहमीचं मागणं पुरं करण्यासाठी.

म्हणून प्रत्येकीचं असंच होईल असं मी म्हणत नाही हं, माझं अजून झालेलं नाही. वही मी पण ठेवते, पण त्यात फक्त मुलाबद्दलच लिहिते आणि खरंच दिसलं तेवढंच, ओढून ताणून काही नाही. आधी तो 'हं' म्हणून फोन ठेवायचा. परवा त्याने विचारलं, गुडघा कसा आहे. तेवढंच लिहिलं, खाली अर्थ लिहिला नाही. कधीकधी पानावर तारीख असते आणि पुढे कोरं.

वॉर्डवाली
वरचं सगळं मनाला भिडलं, पण मी नर्स आहे म्हणून एक सांगून ठेवते. प्रार्थना आणि उपास चालू असताना कुणी जर म्हणालं की त्याला तीन दिवस खोलीत कोंडा, देव बघून घेईल, तर अजिबात ऐकू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. औषधाने सुटली म्हणून देवाने सोडवली नाही असं होत नाही, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौलानेच म्हटलंय तसं. आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे गट असतात, त्यांची चौकशी करा.

वाटेवरची
सगळ्यांचे मनापासून आभार. कोरं पान चालतं हे वाचूनच हलकं वाटलं, मी रोज काहीतरी भरायचंच म्हणून किल्ल्या शोधत बसले होते. काल रात्री भाऊ पिऊनच आला, पण चप्पल हातात घेऊन आला, आईची झोप मोडू नये म्हणून. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत. हे वहीत लिहायचं का तेच कळेना. लिहिलं, मग खोडलं कारण पिऊनच आला होता ना, मग परत लिहिलं. आणि खाली लिहिलं, देवा मला तुझा राग आलाय.

वॉर्डवाली ताई, भाऊ कुठेही यायला तयार नाही, मग अल-अ‍ॅनॉनला जाऊन उपयोग आहे का?

स्पष्टच_बोलतो
चप्पल राहू द्या. खोडलेलं पण तसंच राहू द्या.

वॉर्डवाली
आहे ना. ते गट पिणाऱ्यासाठी नसतातच, तुमच्यासाठी असतात, तो आला नाही तरी तुम्ही जाऊ शकता. फी नसते, नाव बाहेर जात नाही. पहिल्या वेळी बोललं नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं. आईंना बरोबर घेऊन जा.