हातात पनीर नसलं की मोती हील (डाव्या पायालगत चालणं) सोडतो, काय करू?

बडोदेकरीण: मोती अडीच वर्षांचा लॅब्रॅडोर. दांडिया बाजारातल्या आमच्या अंगणात बस, झोप, थांब सगळं चोख करतो. त्याला ओबीडियन्स (आज्ञापालन) स्पर्धेत उतरवायचंय. मुठीत पनीर असेपर्यंत डाव्या पायाला चिकटून चालतो. मूठ रिकामी दिसली की दहाव्या पावलाला नाक जमिनीला. आणि रिंगमध्ये खाऊ नेता येत नाही! सासरे म्हणतात, चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) लाव, दोन झटक्यांत सरळ होईल. लहानपणी एका प्रशिक्षकाने ती लावली होती. नंतर महिनाभर साखळी वाजली की मोती पलंगाखाली शिरायचा. ते मी पुन्हा होऊ देणार नाही.

जुना_हँडलर: ताई, मोती हील शिकलेलाच नाही, पनीरमागे चालायला शिकलाय. आधी खाऊ दिसतो आणि मग काम होतं, ती लालूच. आधी काम, मग खाऊ, ते बक्षीस. पनीर कमरेच्या बटव्यात ठेवा, दोन्ही हात रिकामे. एकच पाऊल टाका. त्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं की त्याच क्षणी ‘शाब्बास’, आणि मगच हात बटव्याकडे. हात आधी हलला तर कुत्रा शब्द ऐकतच नाही, हातच बघत राहतो. घास डाव्या पायाच्या शिवणीपाशी द्या. समोर धरलात तर तो पुढे वळतो आणि हील तिरकी होते. एकाची तीन पावलं, मग सात, मध्येच पुन्हा दोन. दर वेळी वाढवतच नेलंत तर तो कंटाळतो. हे बसलं की डबा लांब ओट्यावर ठेवा आणि काम झाल्यावर दोघं पळत तिकडे जा. स्पर्धेच्या दिवशीही रिंगमधून बाहेर पडल्यावर तेच करायचं.

रावपुरा_४: नुसत्या हीलवर भागत नाही. अमेरिकन केनेल क्लबच्या नोव्हिस (नवशिक्यांच्या) वर्गात 200 पैकी 170 गुण लागतात, शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून जास्त. दोन माणसांभोवती आठचा आकडाही काढावा लागतो. आधी दोन खुर्च्या ठेवून करा, मग माणसं उभी करा.

बडोदेकरीण: दोघांचेही मनापासून आभार. आज पहाटे बटवा बांधून एकेक पाऊल केलं. पहिल्या चार वेळा तो माझी मूठच हुंगत होता. पाचव्यांदा वर पाहिलं! सासरे ओट्यावरून बघत होते. आठच्या आकड्याला उद्या मी उभा राहतो म्हणाले.