घरून काम आता कायमचं झालंय: टेबल, खुर्ची, वीज आणि सकाळ यांचं काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑफिसनं आमचा मजला सोडून दिला आणि जूनपासून आमची अख्खी टीम कायमची घरी. २०२० च्या मार्चमध्ये 'दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न' म्हणत पलंगावर लोडाला टेकून काम सुरू केलं होतं. नंतर आठवड्यातून तीन दिवस ऑफिस होतं, म्हणून निभलं. आता नीट काहीतरी बसवायलाच हवं.

चिंचवडला वन बीएचके, माणसं चार. नवरा फर्स्ट शिफ्टला, साडेतीनपर्यंत घरी येतो. लेक आठवीत, शाळा सकाळची. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, ऐकायला जरा कमी येतं. माझं काम ब्रिटनमधले विम्याचे क्लेम तपासायचं. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की अडीच. म्हणजे सुटायला साडेदहा, नाहीतर साडेअकरा.

टेबल म्हणजे सासूबाईंचं पायडलवालं शिलाई मशीन. मशीन आत वळवायचं, वर फळी टाकायची, त्यावर लॅपटॉप. खुर्ची प्लॅस्टिकची. काल टेपनं मोजलं: फळी जमिनीपासून ३० इंच, आणि मी बसले की माझं कोपर २५ इंचांवर. (उंची पाच फूट एक, हसू नका.) संध्याकाळपर्यंत दोन्ही हातांवर मनगटाच्या वर फळीच्या कडेचा लाल वळ उठतो, खांदे कानाला लागतात. शिवाय कॉलवर बोलताना नकळत पायडल चालू होतं. एकदा मॅनेजरनं विचारलं, 'तुमच्याकडे ट्रेन जवळून जाते का?'

टेबल हॉलच्या कोपऱ्यात, पाठीशी पश्चिमेची खिडकी. त्यामुळे कॅमेऱ्यात माझा नुसता काळा आकार दिसतो. तोंड फिरवून बसलं तर चार वाजता ऊन डोळ्यांत. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, कधी दोन तास, कधी पाच. आणि साडेसातला घरात कुकर, टीव्ही आणि माझा रोजचा कॉल एकाच वेळी सुरू होतात.

बजेट १२ हजारांच्या आत. वेगळी खोली नाही, होणारही नाही, तेव्हा तो सल्ला कृपया देऊ नये.

प्रतिसाद १

आधी मशीनचा पट्टा काढून डब्यात ठेवा आणि पायडलखाली जुनी चादर घट्ट कोंबा. हललं नाही पाहिजे. आता तो तुमचा फूटरेस्ट.

टेबल खाली येत नाही, तर तुम्ही वर जा. सीट वर-खाली होणारी खुर्ची घ्या, कोपर फळीच्या रेषेत येईपर्यंत वर करा. पाय लोंबकळले की मांडीखाली रग लागते, म्हणून खाली काहीतरी हवंच. पायडल पुरलं नाही तर त्यावर पाट ठेवा. पैसे घालायचे ते खुर्चीत, आणि ऑनलाइन फोटो पाहून नको. दुकानात जाऊन पंधरा मिनिटं बसून बघा. ऑफिसं बंद होतात तेव्हा त्यांच्या खुर्च्या सेकंडहँड बाजारात येतात. चांगल्या कंपनीची वापरलेली खुर्ची नव्या स्वस्त खुर्चीपेक्षा केव्हाही बरी, फक्त सीट बसल्या बसल्या हळूहळू खाली जात नाही ना ते तपासा.

लॅपटॉप मात्र पुस्तकांवर चढवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. मग कीबोर्ड आणि माउस वेगळे लागतील. त्याशिवाय मान सुटत नाही.

प्रतिसाद २

खिडकी पाठीशी नको, समोरही नको. टेबल काटकोनात फिरवा, उजेड बाजूनं येऊ दे. एक जाडसर सुती पडदा लावा, काम भागतं. क्लेमचं काम म्हणताय, तर स्क्रीनवर लोकांची माहिती असणार. पाठीशी भिंत आली तर ती मागून कुणाला दिसणार नाही, तेही साधेल.

प्रतिसाद ३

विजेचं सांगतो. फक्त गुरुवारसाठी मोठा इन्व्हर्टर घेऊ नका. १५० एएचची (अ‍ॅम्पिअर-तास) १२ व्होल्ट बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लॅपटॉप, राउटर आणि पंखा मिळून दीडशे वॉटच्या आसपास धरा. चालेल भरपूर, पण तुमचं सगळं बजेट तिथेच संपेल आणि बॅटरी ठेवायला जागा शोधत बसाल.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहेच, वीज गेल्या गेल्या मरतो तो राउटर. त्याला छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी राउटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा मिळतो, दोन वह्या एकावर एक ठेवल्याएवढा. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. बहुतेक १२ व्होल्ट असतं, पण अ‍ॅम्पिअर १ की २ ते बघून तसाच घ्या. फायबर इंटरनेटचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे लोक विसरतात. आणि कधीकधी तुमचा राउटर चालू असतो, पण गल्लीतली केबलवाल्याची पेटीच बंद पडते. त्यासाठी मोबाइलचं हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ठेवा.

प्रतिसाद ४

टेबल-खुर्ची होईल हो. तुमची सकाळ कुठे जाते ते लिहा ना. लॉगिन दीडला, मग सहा ते दीड काय काय करता?

धागाकर्ती

बाप रे. लिहून बघितलं. डबे दोन, सासूबाईंना फिजिओथेरपीला नेणं-आणणं, भाजी, सिलिंडर आला तर तो, बँकेत काही असेल तर मीच (कारण 'तू घरीच असतेस'), नणंदेचं कुरिअरसुद्धा आमच्या पत्त्यावर. दीडला लॅपटॉप उघडते तेव्हा माझा एक दिवस होऊन गेलेला असतो.

प्रतिसाद ४

वाटलंच. माझी पण दुपारची शिफ्ट, सात वर्षं झाली. लोकांना वाटतं, दुपारचं काम म्हणजे सकाळ फुकट. ऑफिसला जायचात तेव्हा घरातून किती वाजता निघायचात? बारा? मग बाराला निघाच. जेवून घ्या, कपडे बदला, चपला घालून खाली एक चक्कर मारून या आणि सरळ टेबलावर बसा. लॉगिन दीडलाच. मधला तास तुमचा, त्यात सिलिंडर नाही. आणि फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा तरी साडेतीननंतर नवऱ्याकडे द्या. त्याची शिफ्ट संपलेली असते, तुमची चालू असते.

प्रतिसाद ५

+१. कुकर सहाला लावा, साडेसातला नुसती फोडणी उरू दे. टीव्हीला सासूबाईंसाठी ब्लूटूथ हेडफोन. कमी ऐकू येणाऱ्यांना उलट जास्त आवडतो, स्वानुभव.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनंतर)

उशीर झाला, माफी. हिशोब देते. वापरलेली खुर्ची ४२०० ला, कीबोर्ड-माउस ११००, राउटरचा यूपीएस १४००. हेडफोन लेकाचाच जुना. गेल्या गुरुवारी पावणेतीन तास वीज नव्हती, कॉल तुटला नाही. हातावरचे वळ गेले, उजवा खांदा अजून कुरकुरतो.

फिजिओथेरपी मंगळवार-शुक्रवार नवऱ्याकडे गेली. पहिल्या मंगळवारी तो विसरला. मी उठले नाही, हे माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं काम झालं. बाराची चक्कर मात्र पावसामुळे जिन्यातच होते, दुसऱ्या मजल्यावरून खाली आणि परत वर.

सासूबाईंना सांगून ठेवलंय की माझ्या कानाला निळा हेडफोन असेल तर मी घरात नाही. त्यांनी ते फारच मनावर घेतलंय. परवा कुरिअरवाला आला, तर दारातूनच त्याच्यावर खेकसल्या, 'हळू बोल रे, सूनबाई हापिसात गेलीय!' पलीकडे सगळ्या टीमनं ऐकलं.

आता एकच राहिलं. ऑक्टोबरनंतर साडेअकराला सुटले की जेवण कधी करायचं? साडेआठच्या ब्रेकला जेवते कुणी, की दुपारीच जड जेवून रात्री नुसती पेज? दुपारच्या शिफ्टवाल्यांनी सांगा.