मदत हवी आहे: 'ट्रॉन: लेगसी'मध्ये कच्चा कोण, नट की संहिता?

मंडळी, एका वाक्यापाशी दोन दिवस अडलोय. 'ट्रॉन: लेगसी' (२०१०) या विज्ञानपटावर लिहायला बसलो आणि 'दृश्यं अप्रतिम, अभिनय सुमार' असं झोकात लिहून टाकलं. मग सिनेमा पुन्हा पाहिला आणि हात आखडला. (पुढे कथा फुटली आहे, न पाहिलेल्यांनी जपून.)

दिसण्याबद्दल वाद नाही. दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्की वास्तुकला शिकलेला, आणि हा त्याचा पहिलाच चित्रपट. काळीभोर काच, तिच्यावर निळ्या-नारिंगी रेघा, संगणकातल्या जगात अडकून पडलेल्या फ्लिनच्या घरातली खालून उजळणारी फरशी. आवाज बंद करून बघा म्हणणार होतो, पण डाफ्ट पंकचं संगीत बुडेल. बंद करायचे ते फक्त संवाद!

आधी वाटलं, सगळं नंतर संगणकाने भरायचं आणि समोर काहीच नाही, तर बिचारे नट करणार तरी काय? पण अंगावरच्या पोशाखातले दिवे खरेच पेटणारे होते. म्हणजे ही सबब निम्मीच चालते.

जेफ ब्रिजेसला त्याच वर्षी दुसऱ्या एका भूमिकेसाठी ऑस्कर मिळालेलं. इथे मुलगा समोर आल्यावर थबकलेला म्हातारा फ्लिन त्याने छान केलाय, पण ग्रिडचा, म्हणजे त्या संगणकी जगाचा, इतिहास सांगायला लागला की माहितीपत्रक वाचतोय असं वाटतं. फ्लिनने स्वतःसारखा बनवलेला खलनायक क्लूही ब्रिजेसच, चेहरा संगणकाने तरुण केलेला, तोंडाजवळ ताठर. क्लू हा प्रोग्रॅमच, त्यामुळे खपून जातं. सुरुवातीच्या १९८९ च्या प्रसंगात मात्र तसाच चेहरा लेकाला गोष्ट सांगणाऱ्या बापाचा आहे, आणि तिथे अंगावर येतो. याला अभिनयाचा दोष म्हणायचं का?

माझा खरा राग आयसोंवर आहे. म्हणजे त्यांना दिलेल्या वागणुकीवर. कोणी न लिहिता आपोआप उगवलेले जीव, त्यांचा संहार, आणि हे सगळं एका धावत्या आठवणीत उरकलंय! अख्खा सिनेमा तिथे होता. आपण मात्र परत तबकड्यांच्या (पाठीवर लावायच्या, माहिती साठवणाऱ्या चकत्यांच्या) मागे धावतो.

तर नाटकात काम केलेल्यांनी किंवा संकलन करणाऱ्यांनी जरा सांगा: वाक्यच निर्जीव आहे की म्हणणारा, हे तुम्ही कशावरून ओळखता? गॅरेट हेडलंडच्या सॅमबद्दल, म्हणजे फ्लिनच्या मुलाबद्दल, तर माझं मत रोज बदलतंय. वीस वर्षं हरवलेला बाप भेटल्यावर त्याच्या तोंडी जे दिलंय, ते कोणी म्हटलं तर चांगलं वाटेल?

संपादन: ऑलिव्हिया वाइल्डची क्वोरा, म्हणजे उरलेली शेवटची आयसो, राहिलीच. ज्यूल व्हर्नला (एकोणिसाव्या शतकातला विज्ञानकथाकार) तू ओळखतोस का, कसा आहे तो, असं ती सॅमला अगदी निरागसपणे विचारते, तेवढ्या मिनिटात अभिनयाची तक्रारच उरत नाही. मग संहितेलाच दोषी धरू, की एका प्रसंगावरून निकाल लावायची घाई करतोय?