‘आमेली’तलं पॅरिस कुणाचं? चित्रपट दाखवून चर्चा घेणाऱ्यांचे अनुभव

जाँ-पिएर जने यांचा ‘आमेली’ (२००१) हा पॅरिसच्या कॅफेत काम करणाऱ्या आमेलीवरचा फ्रेंच चित्रपट गटाला दाखवून त्यातल्या माणसांच्या वैविध्यावर चर्चा घेणाऱ्यांना हे आमंत्रण आहे. आवडला की नाही हे नको. काय मोजायचं, कुठे थांबवायचं आणि गाडी कुठे अडते, तेवढं लिहा.

चित्रपट मंडळ चालवणारी
चित्रपट दोन तासांचा आहे, चर्चेला निदान पाऊण तास हवाच. कागदावर तीन रकाने पुरतात: चेहरा दिसला, संवाद मिळाला, नाव मिळालं. चौथा मागाहून भरायचा: या माणसाला स्वतःची काही इच्छा आहे का? पहिल्यांदाच पाहणाऱ्यांना मोजायला बसवू नका, गोष्टही निसटते आणि मोजणीही.

हमखास वाद होतो तो ल्यूसियाँवरून. भाजीवाल्या कोलिन्योंचा हा नोकर. ही भूमिका केली आहे मोरोक्कन आईवडिलांच्या जमेल देबूझने, पण पात्राचं नाव पक्कं फ्रेंच. तो भाजी जपून हाताळतो म्हणून मालक त्याला गिऱ्हाइकांदेखत घालूनपाडून बोलतो. इथे थांबवा आणि दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. पात्राला माया मिळाली का? मिळाली, भरपूर. तो मुळचा कुठला, हे गोष्टीत आलं का? नाही. दोन्ही एकदम विचारले की अर्धा गट पहिल्याचं उत्तर देतो, अर्धा दुसऱ्याचं, आणि भांडण फुकट जातं.

फ्रेंच शिकवणारा
आधी नकाशा उघडा. आमेली काम करते तो कॅफे १५, रू लपिक या पत्त्यावर आहे, जवळचं मेट्रो स्टेशन ब्लांश. तिथून २ नंबरच्या गाडीने पिगाल, आंवेर आणि तिसरं स्टेशन बार्बेस-रोशशुआर. तिथे गूत दॉर वस्ती सुरू होते, माघरेब (मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाचा भाग) आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांची. पॅरिसचा १८वा विभाग दोन्हीकडे तोच. मग सेर्ज कागान्स्की यांनी मे २००१मध्ये ‘लिबेरासियों’ या वृत्तपत्रात केलेली टीका कळते: इतर वंशांची माणसं पुसून काढलेलं हे पॅरिस आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तुलना त्यांनी थेट कट्टर उजवे नेते ल पेन यांच्या राजकारणाशी नेली, ती फार ताणलेली वाटते. मूळ निरीक्षण मात्र खोडता येत नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवा. ‘त्या भागात अमुक वंशाचे किती टक्के?’ हा आकडा मिळत नाही. फ्रान्सची जनगणना जन्मस्थान आणि नागरिकत्व विचारते, वंश विचारत नाही. २०२५च्या आधी आईवडिलांचं जन्मस्थानही विचारत नसत, त्यामुळे तिथेच जन्मलेली दुसरी पिढी त्या आकड्यांत वेगळी दिसतच नाही.

रंगसंस्कारावर (चित्रीकरणानंतर चित्राचे रंग ठरवण्यावर) काम करणारी
‘पुसलेलं’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा लागतो. चित्रीकरणाआधी भिंतींवरचं लिखाण, पोस्टर, गाड्या हटवल्या. उरलेलं संगणकावर काढलं. छायालेखक ब्रुनो देल्बोनेल यांच्या चौकटी हिरव्या, लाल आणि सोनेरीत बांधलेल्या आहेत. मुख्य गोष्ट सुरू होते १९९७च्या ऑगस्ट अखेरीस, डायानाच्या मृत्यूच्या बातमीपासून, पण डोळ्यांना काळ जुना वाटतो. स्थलांतरितांच्या आधीचं पॅरिस आठवावं असा हा रंग आहे. माणसं कुणी हेतूने वगळली असं यातून सिद्ध होत नाही. जुन्या पोस्टकार्डासारखं शहर हवं म्हटलं की त्या पोस्टकार्डात नसलेले लोक आपोआप बाहेर राहतात. चर्चेत हेतूवर अडकू नका, परिणामावर या.

उपशीर्षकं लिहिणारा
आमेली ज्याच्या प्रेमात पडते त्या निनोचा अल्बम मात्र चौकट-चौकट थांबवून बघा. स्टेशनावरच्या फोटोयंत्रापाशी लोकांनी फाडून टाकलेले फोटो, म्हणजे वाटसरूंचे चेहरे. पॅरिसच्या मोठ्या स्टेशनात कोण येत नाही? पण हे चेहरे स्टेशनाने नाही, चित्रपटाने निवडलेले. रकाने इथेही भरा.

आणि शरीरांची नोंद वेगळी ठेवा. शेजारी द्युफायेलची काचेसारखी हाडं, कॅफेची लंगडणारी मालकीण सुझान, रस्ता ओलांडायला थांबलेला अंध म्हातारा. आमेली त्याचा दंड धरून दुकानांतलं, रस्त्यावरचं सगळं भराभर सांगत जाते आणि लामार्क-कोलँकूर मेट्रोच्या जिन्यापाशी सोडते. या बाबतीत चित्रपट पुष्कळ उदार आहे. एकाच ‘वैविध्य’ शब्दाखाली सगळं घातलं तर हे श्रेयही हरवतं आणि तो दोषही.