अनुभव धागा: आठवणींच्या अनुवादित कादंबऱ्या कशा वाचता, कशा जपता?

पऱ्हाटी: वाचनालयाचं मागचं कपाट आवरताना एक जुनी अनुवादित कादंबरी हाती आली अन् कायकाय आठवलं. जात तीच, आठवणींची. म्हाताऱ्याला जुनं पत्र सापडतं, मग दोनशे पानं काही घडत नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. अशी पुस्तकं कशी वाचता, प्रत कशी टिकवता, लिहा. रडगाणं नको, कामाचं लिहा.

जाडा_दोरा: आधी फर्मे मोजा, म्हणजे दुमडून एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे. सोळा पानी फर्मा असेल तर नवा फर्मा पान १, १७, ३३, ४९ असा सुरू होतो. जुन्या पुस्तकांत त्या पानाच्या तळाशी बारीक आकडाही असतो. सुरुवातीची पानं वेगळी मोजली असतील तर आकडे सरकतात, अंतर १६ चंच राहतं. आज-काल-परवा आलटूनपालटून येणाऱ्या कादंबरीत बाइंडरनं फर्मा पुढंमागं शिवला तर वाचकाच्या ध्यानातच येत नाही, त्याला ती लेखकाची शैली वाटते. पान ६४ नंतर एकदम ८१ आलं तर समजा, अख्खा फर्मा दुसरीकडं गेला.

बोंडअळी: म्हंजे आपन ज्याले प्रतिभा म्हनत होतो थे दोऱ्याचं काम निघालं 😂

कानामात्रा: प्रतीपेक्षा क्रियापद तपासा. इंग्रजीतल्या 'वुड'वर अनुवादक हमखास घसरतात. 'तो रोज नदीवर गेला असता' असं वाक्य दिसलं की थांबा. मुळात 'जायचा' किंवा 'जात असे' आहे. 'गेला असता' म्हणजे गेलाच नाही! आठवणींच्या गोष्टीत एवढ्यानं घडलेलं सगळं न घडलेलं होतं. आपल्या वऱ्हाडीत 'थो नदीवर जाये' म्हटलं की झालं, पण छापील मराठीला ते चालत नाही म्हणे.

पऱ्हाटी: हे 'म्हणे' भारी आहे पण.

कानामात्रा: भारी म्हणजे काय ताई! तुर्कीत क्रियापदाला 'मिश' लागतं, म्हणजे बोलणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं नाही, ऐकलंय किंवा खुणांवरून ताडलंय. इंग्रजीत त्याला सरळ जोड नाही. मराठीत 'म्हणे' किंवा 'गेला असावा' तयार आहे. पण अनुवाद इंग्रजीवरून झाला तर ते मधल्या मध्ये गळतं. तेच तू-तुम्हीचं. फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'वू', तुर्कीत 'सेन' आणि 'सिझ', इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. चाळीस वर्षांनी भेटलेली दोघं एकमेकांना काय म्हणणार, हे मग अनुवादक अंदाजानं ठरवतो. शीर्षकपानामागं कोणत्या भाषेवरून अनुवाद केला ते छापलंय का पाहा. आणि तो भेटीचा प्रसंग काढून प्रत्येक तू-तुम्हीखाली पेन्सिलीनं टिंब द्या. कारण नसताना एकाच संवादात दोन्ही आले तर गडबड अनुवादकाची.

बोंडअळी: आमच्याइथी लाईन गेली. कोनाच्या तुरीवर फवारनी झाली का?

दारव्हा_रोड: @बोंडअळी झाली, इथी नोको इचारू. पेन्सिल ठीक, पन वाचनालयाच्या प्रतीत करू नोको. चिठ्ठी ठेवजो. पान, पात्र, तवाचं वय, येवढंच लिहाचं. एकच प्रसंग दोनदा आला अन् दुसऱ्यांदा बदलला, तर छपाईची चूक समजू नोको. निवेदक सोयीनं इसरला का, थे पाहाचं. बदलामुळं त्याचा दोष कमी होत असन तर लेखकानं मुद्दाम केलं हाय.

जाडा_दोरा: सेलोटेप कुणी लावू नका रे बाबांनो. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो, आपल्याकडच्या मे महिन्यात पट्टी सुटते अन् डाग तेवढा राहतो. पांढरा गोंद पुठ्ठ्याला ठीक, पाठीला नको; वाळून कडक होतो, पुस्तक पुन्हा उसवता येत नाही. खळ करा. १ वाटी मैदा, ५ वाट्या पाणी. मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, गाठी मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. कीड लागू नये म्हणून जुने बाइंडर चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं अजिबात नको. फाटलेल्या जागी पातळ कागदाची पट्टी लावा, वर-खाली प्लास्टिक, वर पाटा ठेवून रात्रभर दाबा. घाईनं पाटा काढला की पान पापडासारखं वाकडं होतं.

मिरगाचा_पाऊस: कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळलेलाच ठेवा. ओलसर पाल्यानं बुरशी येते. कसर लागलेली प्रत प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून, तोंड चिकटवून आठवडाभर फ्रीजरमध्ये. लाईन सारखी जात असेल तर या भानगडीत पडू नका, बर्फ वितळतो-गोठतो, किडे मरत नाहीत. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास फोडायची नाही, नाहीतर दव कागदावर बसतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढा, वाळवीची मातीची नळी तरच दिसते.

बोंडअळी: लाईन आली. अन् फ्रीजरमंदी पुस्तक पाहून घरी काय सांगाचं?

मिरगाचा_पाऊस: अनुवाद थंड वाटत होता, मुरवायला ठेवलाय 😄

पऱ्हाटी: @जाडा_दोरा दादा, मैद्याऐवजी कणीक चालेल का? मैदा करंज्यांसाठी राखून ठेवलाय.

जाडा_दोरा: नाही चालत. कोंड्यानं खळ खरखरीत होते, पानावर कण उठतात. कॉर्नफ्लॉवर असेल तर घ्या, पण खळ त्या दिवशीच संपवा, दुसऱ्या दिवशी आंबते.